मोठ्या स्पर्धेचं स्वयंसेवकपद: वावर सोडून जाण्याइतकं आहे का?

ऑलिम्पिक, फुटबॉलचा विश्वचषक, राष्ट्रकुल स्पर्धा अशी कुठलीही मोठी स्पर्धा असली की वर्ष-दीड वर्ष आधी स्वयंसेवकांची भरती निघते. मग तालुक्यातल्या बीपीएडच्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच लिंक फिरत राहते आणि खाली कुणीतरी लिहितो, "फुकटात ऑलिम्पिक बघा." फुकट ते नसतं आणि बघायला तर बहुतेकांना मिळतच नाही. तरी कार्यक्रम वाईट नाही. पडद्यामागं एवढी मोठी यंत्रणा कशी चालते हे आतून दाखवणारी दुसरी सोय कुठल्या कॉलेजात नाही. फक्त तिचा खर्च माहितीपत्रकात न लिहिलेल्या जागी दडलेला असतो आणि गावाकडच्या अर्जदाराला तो शहरातल्यापेक्षा जास्त पडतो. अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावातून अर्ज करणाऱ्याला समोर ठेवून हे परीक्षण केलं आहे.

आधी जागा किती आणि अर्ज किती ते बघू. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला ७० हजार जागांसाठी २ लाख ४० हजार अर्ज आले, म्हणजे साडेतीन अर्जांमागं एक जागा. २०२४ च्या पॅरिसला ४५ हजार जागा आणि ३ लाखांहून जास्त अर्ज. २०२२ च्या कतारच्या फुटबॉल विश्वचषकाला २० हजार जागांवर ४ लाख २० हजार अर्ज, म्हणजे २१ मागं एक. फुटबॉलला गर्दी कायम जास्त. त्यातही आयोजकांचा ओढा स्थानिकांकडं असतो आणि त्याचं कारण साधं आहे: स्थानिक माणूस रात्री आपल्या घरी झोपतो, व्हिसा अडला म्हणून ऐन वेळी गळत नाही. त्यामुळं नकार आला की "आपलं इंग्रजी कच्चं" असं लगेच मनाला लावून घेऊ नये.

निवड झाली तर मिळतं काय? गणवेश, कामाच्या पाळीत एक जेवण, त्या शहरातल्या बस-मेट्रोचा प्रवास, प्रशिक्षण आणि शेवटी प्रमाणपत्र. न मिळणारी यादी जास्त वजनदार आहे: विमानाचं तिकीट नाही, राहण्याची खोली बहुधा नाही, व्हिसाची जबाबदारी नाही, मानधन नाही. पॅरिसला किमान १० दिवस उपलब्ध राहण्याची अट होती आणि मुक्काम ज्याचा त्यानं बघायचा होता. टोकियोनं प्रवासापोटी दिवसाला १००० येन दिले. ऑलिम्पिकच्या शहरात त्या पंधरवड्यात खोल्यांचे भाव चढतात. खोली आणि विमान मिळून दीड-दोन लाखांच्या खाली बसवणं अवघड आहे, तेही चौघांनी एक खोली वाटून घेतली तर.

टोकियोचा अनुभव अजून एका कारणानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्पर्धा आधी एक वर्ष पुढं गेली. मग मार्च २०२१ मध्ये परदेशी प्रेक्षकांना येऊ द्यायचं नाही असं ठरलं आणि परदेशातल्या बहुतेक स्वयंसेवकांचाही प्रवेश बंद झाला. ज्यांनी स्वस्त म्हणून परत न मिळणारं तिकीट काढलं, ते त्यात अडकले. म्हणून तिकीट रद्द करता येईल असंच काढावं आणि तेही नेमणुकीचं पत्र आणि व्हिसा दोन्ही हातात आल्यावर.

आता तारखा. शहरातल्या परीक्षणात हा मुद्दा येत नाही, पण आपल्याकडं तो पहिला आहे. पॅरिस ऑलिम्पिक २६ जुलै ते ११ ऑगस्ट झालं. कापूस-सोयाबीनच्या वावरात तेव्हा निंदण, डवरणी आणि फवारणी एकावर एक आलेली असते. २०२६ चा फुटबॉल विश्वचषक ११ जून ते १९ जुलै, म्हणजे थेट पेरणी आणि दुबार पेरणीची धास्ती. ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६. लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक १४ ते ३० जुलै २०२८. युरोप-अमेरिकेत मोठ्या स्पर्धा उन्हाळ्यात ठेवतात आणि त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला खरीप. स्पर्धा १७ दिवसांची दिसली तरी आधी ओळखपत्र, गणवेश, जागेवरचं प्रशिक्षण आणि नंतर आवराआवर धरून तीन-साडेतीन आठवडे जातात. घरात डवरा धरणारा दुसरा माणूस नसेल तर मजुरीचा तो खर्चही याच हिशेबात धरायला हवा. कास्तकाराच्या पोरानं अर्ज भरण्याआधी हा विषय बापाशी बोलून घ्यावा; व्हिसा आल्यावर बोललं की घरात भांडण ठरलेलं.

कागदपत्रांचं गाडं

पासपोर्ट नसेल तर सुरुवात तिथून. साध्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, तत्काळमध्ये एकूण ३५००. विदर्भातले अर्ज नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात आणि काही जिल्ह्यांच्या टपाल कार्यालयांतही आता सेवा केंद्रं आहेत, त्यामुळं पासपोर्ट काढणं पूर्वीइतकं जड राहिलेलं नाही. वेळ खाते ती पोलीस पडताळणी. अर्जात गावचा पत्ता टाकला आणि माणूस नागपूरला खोली करून राहत असेल, तर पोलीस पाटलाकडं विचारणा होते, माणूस सापडत नाही आणि अहवाल उलटा जातो. पडताळणीच्या आठवड्यात गावातच राहावं.

खरा घोळ नावाचा असतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बापाच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. स्पर्धेच्या अर्जात नाव पासपोर्टवर जसं छापलं आहे अगदी तसंच टाकायचं असतं, कारण सुरक्षा पडताळणी त्याच नावावर होते आणि गळ्यात घालायचं ओळखपत्रही त्याच नावानं निघतं. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असतं. अर्जात वडिलांचं नाव गाळलं की दोन्ही जुळत नाही, पडताळणी लटकते आणि त्याचा खुलासा मागणारा ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो. हा ईमेल न वाचल्यामुळं गळणारे बरेच असतात. सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवरून अर्ज कधीच भरू नये. पासवर्ड त्याच्याकडं, पत्रं त्याच्याकडं आणि तो दुकान बंद करून पुण्याला.

युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं प्रौढांसाठीचं शुल्क ९० युरो आहे, वर केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा. अमेरिकेच्या व्हिसाला विदर्भातल्या माणसाला मुंबई किंवा हैदराबादसारखं शहर गाठावं लागतं.

शेतकरी कुटुंबाची अडचण होते ती बँकेच्या उताऱ्यात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून घरात विवरणपत्र भरलेलं नसतं. वर्षाचा सगळा पैसा दिवाळी ते फेब्रुवारीत येतो आणि मेपर्यंत बियाणं-खतात जातो. व्हिसा अधिकारी बघतो शेवटच्या तीन महिन्यांचा उतारा. मे-जूनमध्ये तो उतारा रिकामा असतो. मग कुणीतरी मामाकडून दोन लाख उचलून खात्यात टाकतो. अर्जाच्या आठवड्यात एकदम पडलेली अशी रक्कम संशय वाढवते आणि नकाराच्या कारणांत ती हमखास असते. त्यापेक्षा कापूस सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) दिला असेल तर पैसे थेट खात्यावर आलेले असतात, तो पूर्ण वर्षाचा उतारा लावावा. बाजार समितीतल्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या, सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत द्यावं. वडील खर्च करणार असतील तर तसं पत्र, आणि कॉलेजचं सुट्टी मंजूर केल्याचं पत्र. सातबाऱ्याचा उपयोग इथं दुहेरी आहे: उत्पन्न तर दिसतंच, शिवाय हा माणूस परत येणार याची ती खूण असते.

एक इशारा. अधिकृत कार्यक्रम अर्जाला, मुलाखतीला किंवा नेमणुकीला एक रुपयाही घेत नाही. "स्वयंसेवक कोट्यातून व्हिसा करून देतो" म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला की तिथंच उठावं. स्पर्धेच्या स्वतःच्या संकेतस्थळाशिवाय अर्जाला दुसरा रस्ता नसतो.

निवड कशी होते

अर्जात शिक्षण, भाषा, उपलब्ध तारखा आणि आवडीची कामं भरायची. मग भाषेची छोटी ऑनलाइन परीक्षा, प्रसंग देऊन "तुम्ही काय कराल" विचारणारी प्रश्नावली, आणि बऱ्याच स्पर्धांत व्हिडिओवर मुलाखत. प्रश्न ठरलेल्या वळणाचे: हरवलेलं मूल सापडलं, पाळी संपली पण बदली माणूस आला नाही, नावाजलेला खेळाडू समोर आला. अपेक्षित उत्तर प्रत्येक वेळी एकाच दिशेला जातं, ते म्हणजे जागा सोडायची नाही, वरच्याला कळवायचं, स्वतःच्या डोक्यानं परवानगी द्यायची नाही. आपल्याकडच्या पोरांना स्वतःहून धावून जाण्याची सवय असते. गावात ती चांगली, मुलाखतीत तिचे गुण कापले जातात. शेगावला सेवेला जाऊन आलेल्याला हे सांगावं लागत नाही: चप्पलघरावर नेमला तर चप्पलघर, दर्शनाची रांग दुसऱ्यानं बघायची.

व्हिडिओ मुलाखत गावात देऊ नये. लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही आणि मोबाइलची एक कांडी असताना आवाज तुटतो. तालुक्याला ओळखीच्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या संगणक खोलीत बसावं, पाठीमागं भिंत साधी, चेहऱ्यावर खिडकीचा उजेड. इंग्रजी सफाईदार नसलं तर चालतं. छोटी, पूर्ण वाक्यं बोलली की काम होतं. पाठ केलेलं भाषण लगेच ओळखू येतं.

आवडीच्या कामांत सगळे "उद्घाटन समारंभ" आणि "खेळाडूंसोबत" टाकतात. तिथं गर्दी असते. "वाहनतळ", "साहित्य व्यवस्था", "स्वयंसेवक नोंदणी कक्ष" टाकणारे थोडे. नेमणूक व्हावी असं वाटत असेल तर यातलं एक तरी टाकावं.

कामं, चांगली आणि कंटाळवाणी

सगळ्यात जास्त माणसं लागतात प्रेक्षकांच्या वाटेवर: तिकीट दाखवा, डावीकडं वळा, संडास तिकडं. सहा-आठ तास उभं राहणं, खेळाचा फक्त आवाज ऐकू येणं. मान मिळत नाही, पण गर्दी कशी हलते ते इथंच शिकायला मिळतं. गेट उघडल्यावर पहिला पाऊण तास आणि सामना संपल्यावरची वीस मिनिटं, एवढाच वेळ खरी परीक्षा असते. सामना सुटल्यावर माणसं फलक वाचत नाहीत, पुढच्याच्या पाठीमागं चालतात. म्हणून पहिल्या घोळक्याला बरोबर दिशेला वळवलं की पुढचे दहा हजार आपोआप जातात. तो एकदा चुकला की ओरडून उपयोग नसतो.

वाहतुकीत गाडी चालवण्याचं काम दिसायला झकास. पण युरोप-अमेरिकेत रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं असतं आणि मागं बसलेला पदाधिकारी घाईत असतो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो म्हणून हे काम घेऊ नये. वाहतूक कक्षात बसून गाड्यांच्या वेळा जुळवणं जास्त शिकवतं.

गळ्यातलं ओळखपत्र हा या सगळ्याचा कणा. त्यावर कुठल्या मैदानात आणि मैदानाच्या कुठल्या भागात जाता येईल याचे संकेत असतात. ऑलिम्पिकमध्ये निळा रंग म्हणजे प्रत्यक्ष खेळाची जागा, ४ म्हणजे छापील पत्रकार, ५ म्हणजे प्रसारणवाले, ६ म्हणजे पाहुणे-पदाधिकारी. आपल्या कार्डावर नसलेल्या भागात "दोन मिनिटं" म्हणून शिरलेला स्वयंसेवक त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. कार्डाचा फोटो समाजमाध्यमावर टाकणं हाही तसाच गुन्हा, कारण त्यावरचा संकेत नक्कल करता येतो. आणि नेमका हाच फोटो सगळ्यांना टाकायचा असतो.

बघण्यासारखं, आणि आमच्या मते सगळ्यात शिकवणारं काम डोपिंग कक्षातल्या सोबत्याचं आहे. त्याला शॅपरोन म्हणतात. त्याची पायरीन् पायरी ठरलेली असते. चाचणीसाठी निवडलेला खेळाडू स्पर्धा संपवून बाहेर पडला की त्याच्याजवळ जायचं, नाव आणि कार्ड ताडून बघायचं, घोळक्यातून बाजूला घेऊन चाचणीची सूचना द्यायची, फॉर्मवर त्याच क्षणीची वेळ टाकून सही घ्यायची. तिथून चाचणी कक्षात पोचेपर्यंत तो सतत नजरेसमोर हवा. पदक घेणं, पत्रकारांशी बोलणं, अंग मोकळं करणं, दुखापतीवर उपचार, त्याच दिवशी दुसरी फेरी असली तर ती खेळणं, याला त्याला मुभा आहे. सोबत्यानं मागं चालत राहायचं. आंघोळीला किंवा लघवीला आधी जाऊ द्यायचं नाही, कारण पहिलीच लघवी नमुना म्हणून लागते. तहान लागली तर सीलबंद बाटल्या पुढं ठेवायच्या, त्यानं स्वतः निवडून स्वतः उघडायची. आपण झाकण फिरवून हातात दिली तर उद्या तो "बाटलीतच काहीतरी होतं" म्हणू शकतो आणि त्याला उत्तर नसतं.

प्रत्यक्ष नमुना देताना समोर उभा राहतो तो त्याच लिंगाचा प्रशिक्षित अधिकारी. ते स्वयंसेवकाचं काम नाही. लघवी किमान ९० मिली लागते, ६० 'ए' बाटलीत आणि ३० 'बी' बाटलीत. दोन तास उन्हात पळून आलेल्याच्या अंगात तेवढं पाणी शिल्लक नसतं, म्हणून तो बसून राहतो, घटाघटा पाणी पितो. मग येणारी लघवी इतकी पातळ असते की तिचं विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या खाली जातं आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो. रात्री दहाला संपणारी पाळी साडेबारापर्यंत लांबते ती यामुळं. या कामासाठी आपलं नाव देताना मुक्कामापासून रात्रीची बस किती वाजेपर्यंत आहे ते आधी बघावं.

इथं चुका कुठं होतात तेही ठरलेलं आहे. मैदानातून बाहेर पडताना पत्रकारांच्या कठड्यापाशी कॅमेरेवाले मध्ये घुसतात, खेळाडू दुसऱ्या दारानं निघतो आणि सोबती पहिल्याच दारात उभा. दुसरी चूक, फॉर्मवरची वेळ नंतर अंदाजानं टाकणं. तिसरी, "एक सेल्फी" मागणं. त्यासाठी कामावरून काढतात आणि काढायलाच हवं. खेळाडू नजरेआड झाला असेल तर किती मिनिटं झाला ते लगेच अधिकाऱ्याला सांगायचं. लपवलेल्या दोन मिनिटांमुळं पुढं अख्खं प्रकरण लढवलं जाऊ शकतं.

मॅरेथॉनची पाणपोई हे काम याच्या उलट: कागद शून्य, हात दहा. साधारण दर ५ किलोमीटरला पाण्याची टेबलं असतात. ग्लास काठोकाठ भरला की पळणाऱ्याच्या छातीवर सांडतो, म्हणून अर्ध्याच्या थोडं वर भरायचा. देताना ग्लास आपल्या मुठीत आवळून धरायचा नाही. पळणाऱ्याच्या बोटांना जागा मिळेल असा काठाजवळ हलका धरायचा किंवा तळहातावर ठेवायचा, हात त्याच्या धावण्याच्या दिशेला थोडा सरकू द्यायचा. पहिल्या टेबलावर झुंबड उडते आणि शेवटचं मोकळं राहतं. म्हणून शेवटच्या टेबलावरचा माणूस आवाजाचा हवा, "पुढं आहे, पुढं आहे" ओरडणारा. एक गट फक्त भरायला, एक फक्त द्यायला, एक खराटा घेऊन पडलेले ग्लास कडेला लोटायला. तिसरा गट नेहमी कमी पडतो आणि घसरून पडणारे तिथंच पडतात. पाणी भरणारा आणि देणारा एकच ठेवला तर पहिल्या पाच मिनिटांतच टेबल रिकामं होतं. हे काम शिकायला परदेशाची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कुठल्याही अर्धमॅरेथॉनला जाऊन दोन तास उभं राहिलं की हात बसतो आणि अर्जाच्या "अनुभव" रकान्यात लिहायला एक खरी ओळ मिळते.

किरकोळ पण त्रासाच्या गोष्टी: गणवेश मिळाला तरी बूट आपले, दोन महिने घालून रुळलेले न्यावेत. नवे बूट घालून आठ तास उभं राहणाऱ्याच्या टाचेला तिसऱ्या दिवशी फोड येतात. जेवण बहुधा थंड आणि पाकीटबंद. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहावं, तिथं जाऊन सांगून बदलत नाही. उपवासाचं वेगळं काही मिळायचं नाही. गुळ-शेंगदाणे आणि चिवडा सोबत ठेवलेला बरा. बिल्ल्यांची अदलाबदल हा ऑलिम्पिकमधला जुना छंद आहे. आपल्या कॉलेजचे किंवा भारताच्या झेंड्याचे वीस-पंचवीस बिल्ले खिशात असतील तर ओळखी लवकर होतात.

देशातल्या स्पर्धांचं काय

हा भाग लांब करण्यासारखा आहे, पण सध्या तरी इथला कार्यक्रम कमजोर आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुमारे २२ हजार स्वयंसेवकांपैकी १० हजारांच्या आसपास स्पर्धेआधी आणि स्पर्धेदरम्यान सोडून गेल्याच्या बातम्या आल्या. प्रशिक्षण अपुरं, काम कुणाकडं ते ठरलेलं नाही, जेवणाची आबाळ, अशी कारणं त्यात होती. गणवेश घेऊन गायब झालेलेही त्यात होतेच. दोष एका बाजूचा नव्हता.

क्रिकेटचं तर गणितच निराळं. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानात ४५ हजारांच्या आसपास माणूस बसतो, २००८ पासून तिथं कसोटी आणि एकदिवसीय सामने होतात, २०११ च्या विश्वचषकाचे सामने झाले. पण तिथलं काम संघटनेचे कर्मचारी, पोलीस आणि ठेकेदाराचे सुरक्षारक्षक बघतात. ऑलिम्पिकसारखा खुला स्वयंसेवक कार्यक्रम क्रिकेटमध्ये फार रुजलेला नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-ट्वेंटी मैदान ओलं असल्यानं ८-८ षटकांवर आला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा मैदान सुकवणाऱ्यांवर होत्या. ती माणसं कसलेली, पगारी. त्यात हौशी माणसाला उभं करणार नाहीत आणि करूही नये.

तरीही गावाकडच्या अर्जदारानं पहिला अर्ज देशातल्याच स्पर्धेला करावा असं आमचं मत आहे. २०२५ ची जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स दिल्लीत झाली, तशा स्पर्धा आता इकडं येऊ लागल्या आहेत. २०३० ची शतकमहोत्सवी राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. हावडा–अहमदाबाद एक्स्प्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोल्याला थांबते. व्हिसा नाही, भाषेचा प्रश्न नाही, स्लीपरचं तिकीट. केंद्र सरकारच्या 'माय भारत' पोर्टलवर १५ ते २९ वयाच्यांना फुकट नोंदणी करता येते. ती आताच करून ठेवावी आणि त्यातल्या जिल्हापातळीच्या कामांचे दाखले जमवत जावेत. २०३० ला जो वीस-बावीस वर्षांचा असेल तो आज शाळेत आहे, म्हणून हे वाचणाऱ्या पीटीच्या सरांनी आपल्या पोरांचे पासपोर्ट नाही तरी नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकसारखं करून घेतलं तरी पुष्कळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला होता. इथल्या माणसाला ऑलिम्पिकचं दार अनोळखी नाही.

परदेशी कार्यक्रम कुणी घ्यावा? बीपीएड-एमपीएड, क्रीडा-व्यवस्थापन किंवा हॉटेल-प्रवास क्षेत्रात जाणाऱ्यानं, ज्याच्या घरी खरिपात दुसरे हात आहेत आणि ज्याला खर्च कर्ज न काढता झेपतो. त्याच्यासाठी पाचपैकी चार गुण. खेळाडू बघण्याच्या हौशीनं जाणाऱ्याला दोन. त्या पैशात तिकीट काढून सामना बघावा. कर्ज काढून जाणाऱ्याला शून्य.

प्रमाणपत्राबद्दल गैरसमज फार आहे. महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण हे खेळून पात्र ठरलेल्यांसाठी आहे. स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र, ते ऑलिम्पिकचं असलं तरी, त्यात धरत नाहीत. कुणी सांगत असेल की या कागदावर पोलीस भरतीत गुण मिळतात, तर त्याच्याकडं शासन निर्णय मागावा. खासगी नोकरीच्या बायोडाटात ते उपयोगी पडतं, पण "ऑलिम्पिक स्वयंसेवक" एवढंच लिहून नाही. कुठल्या कक्षात, रोज किती तासांची पाळी, हाताखाली किती माणसं आणि रोज कुठलं काम, हे चार तपशील लिहावेत. नेमणुकीचं पत्र, पाळ्यांचं वेळापत्रक आणि कक्षप्रमुखाचा ईमेल स्पर्धा संपायच्या आधी उतरवून ठेवावा. स्पर्धा संपली की आयोजन समिती काही महिन्यांत गुंडाळली जाते, संकेतस्थळ बंद होतं आणि पडताळणीला कुणी फोन उचलत नाही.